गॅसबत्तीची जाळी आणि लाल टोकाचा रॉड
थोरियमशी आपल्या धंद्याचा काय संबंध?

थोरियम म्हटले की हे अणुशास्त्रज्ञांचे आणि सरकारचे काम, आपल्याला त्याचे काय, असा आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचा समज असतो. पण हा धातू गेली शंभराहून अधिक वर्षे साध्या दुकानांतून विकला जात आहे. गॅसबत्तीच्या जाळीत तो होता आणि आर्गन वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन रॉडमध्ये तो आजही आहे. जो माल आपण विकतो किंवा हाताळतो त्यात काय आहे हे माहीत असावे, म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

धातूची ओळख

थोरियम हा चांदीसारखा पांढरा, मऊ आणि शिशाहून थोडा जड धातू आहे. हवेत राहिला की तो काळवंडतो. १८२८ मध्ये नॉर्वेत सापडलेल्या एका काळ्या खनिजातून स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी तो शोधला आणि थॉर या तिकडच्या पुराणातील मेघगर्जनेच्या देवावरून त्याला नाव दिले. तो किरणोत्सर्गी आहे हे १८९८ मध्ये कळले. मात्र त्याचा ऱ्हास फार सावकाश होतो. कोणताही साठा निम्मा व्हायला सुमारे १४०० कोटी वर्षे लागतात.

व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याचा ऑक्साइड. तो वितळायला सुमारे ३३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. इतकी उष्णता सोसणारा दुसरा ऑक्साइड नाही. या एका गुणावर त्याचा सारा जुना बाजार उभा राहिला.

गॅसबत्तीचा जमाना

ऑस्ट्रियाचे ऑअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये गॅसच्या दिव्यासाठी जाळी बनवली. पुढे १८९१ मध्ये त्यांना योग्य प्रमाण सापडले: ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि १ भाग सिरियम ऑक्साइड. सुती किंवा रेयॉनची जाळी या धातूंच्या क्षारांत भिजवून वाळवायची. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाते आणि ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो. तोच तापून पांढराशुभ्र प्रकाश देतो. वराती, उरूस, आठवडे बाजार आणि कोळ्यांच्या होड्या या बत्त्यांनीच उजळत असत.

या जाळीमुळे हिंदुस्थानच्या वाळूला भाव आला. १९०९ मध्ये शोम्बेर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे थोरियमचे खनिज आढळले. त्यानंतर ही वाळू परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर तिच्यावर सरकारचा ताबा आला. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली आणि केरळात आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया होऊ लागली. केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर या खनिजाचे मोठे साठे आहेत. थोरियम स्वतः पेटत नाही, पण अणुभट्टीत त्याचे युरेनियम-२३३ या इंधनात रूपांतर होते. डॉ. होमी भाभांच्या योजनेचा शेवटचा टप्पा याच आधारावर आखलेला आहे. या इंधनावर चालणारी 'कामिनी' ही छोटी अणुभट्टी १९९६ मध्ये कल्पाक्कम येथे सुरू झाली.

आर्गन वेल्डिंगवाल्यांनी इकडे लक्ष द्यावे

बत्तीचा धंदा आटला, पण स्टेनलेस स्टीलची रेलिंग, टाक्या आणि हॉटेलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यांत थोरियम रोज हाताळले जाते. लाल टोकाच्या टंगस्टन रॉडमध्ये सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड असते. त्यामुळे ठिणगी पटकन धरते, टोक लवकर बोथट होत नाही आणि रॉड जास्त करंट सोसतो. म्हणूनच कारागिरांना तो आवडतो.

धोका रॉड हातात धरण्यात नाही. थोरियममधून निघणारे मुख्य किरण, म्हणजे अल्फा किरण, कागदाने किंवा कातडीनेही अडतात. धोका आहे तो टोक घासताना उडणाऱ्या धुळीत. ही धूळ श्वासातून आत गेली की किरण अडवणारे काही उरत नाही, आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसात राहू शकते. थोरियम शरीरात गेल्याने काय होते याची साक्ष वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९३० ते १९५० च्या दशकांत क्ष-किरण चित्र स्पष्ट यावे म्हणून रुग्णांना थोरोट्रास्ट नावाचे थोरियमचे औषध टोचत असत. त्यातील अनेकांना पुढे कित्येक वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. ग्राइंडरच्या धुळीतून जाणारे प्रमाण त्याच्या मानाने फारच थोडे असते. पण उस्ताद एकदा शिकवतो आणि शागीर्द पुढची तीस वर्षे तसेच घासत राहतो, म्हणून सवय सुरुवातीलाच नीट लागली पाहिजे.

रंग बदला, काम तेच

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लाल रॉड सोडणे. निळ्या टोकाच्या रॉडमध्ये २ टक्के आणि सोनेरी टोकाच्या रॉडमध्ये दीड टक्का लँथेनम असते. करड्या टोकाच्या रॉडमध्ये सिरियम असते. हे किरणोत्सर्गी नाहीत. स्टीलच्या कामात निळा रॉड लालची जागा चांगली घेतो आणि ॲल्युमिनियमवरही चालतो. मशीन किंवा होल्डर बदलावा लागत नाही. पिवळ्या टोकांत मात्र थोरियमच असते आणि जांभळ्या टोकांतही ते असू शकते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

शिल्लक लाल रॉड वापरायचेच असतील तर एवढे करावे:

• घासण्यासाठी वेगळे चाक ठेवावे. शक्य तर धूळ ओढणारा पंखा बसवावा आणि एन-९५ मास्क लावावा.
• धूळ कोरड्या झाडूने झाडू नये, कॉम्प्रेसरने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.
• ग्राइंडरजवळ चहा-नाश्ता करू नये. खाण्याआधी हात साबणाने धुवावेत.
• उरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवावेत. मुलांच्या हाती देऊ नयेत.

दुकानदार आणि भंगारवाल्यांसाठी

हार्डवेअरच्या दुकानदारांनी रॉडचे खोके उघडून टोकांचा रंग पाहून माल घ्यावा आणि गिऱ्हाइकाला फरक सांगावा. जाळ्यांचा किंवा लाल रॉडचा जास्त साठा असेल तर तो राहत्या खोलीत किंवा बंद पोटमाळ्यावर ठेवू नये. थोरियमपासून थोरॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी. आता थोरियमशिवायच्या जाळ्याही बनतात. जुनी जाळी पहिल्यांदा पेटवताना उघड्यावर पेटवावी आणि तुटलेल्या जाळीची राख फुंकू नये.

जुन्या वस्तूंच्या बाजारात १९४० ते १९७० च्या काळातील काही कॅमेऱ्यांची पिवळसर पडलेली भिंगे येतात. त्यांच्या काचेतही थोरियम असू शकते. विकायला हरकत नाही, पण ती घासू किंवा फोडू नयेत. विमानाच्या इंजिनाचे जुने मॅग्नेशियमचे भाग भंगारात आले तर कापण्याआधी चौकशी करावी, कारण अशा काही मिश्रधातूंत थोरियम घातलेले असे.

थोरियमला घाबरून धंदा बंद करण्याचे कारण नाही. जोवर तो घट्ट रॉडमध्ये आहे तोवर त्रास नाही, धूळ झाला की जपावे. पुढच्या खरेदीत लालऐवजी निळ्या टोकाचे खोके मागावे. त्यासाठी ना परवाना लागतो, ना नवे मशीन.