स्टोव्ह, पिन आणि कार्बोरेटर

‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, मॅडम!’ जुनी गाडी सांभाळणाऱ्या घरातल्या बाईनं हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतंच. पुढचं सगळं बोलणं मात्र गॅरेजवाला शेजारी उभ्या असलेल्या ‘साहेबां’शी करतो. आपण पर्समधून पैसे काढायचे, तेवढे! खरं तर जिनं कधी पंपाचा स्टोव्ह पेटवलाय, तिला कार्बोरेटरचं निम्मं गणित आधीच येत असतं.

आणि मोटारीनं पहिला लांबचा प्रवास केला तोही एका बाईनंच! ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला, म्हणजे मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझला, न सांगता दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मॅनहाइमहून माहेरी फोर्ट्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. पेट्रोल पंप तेव्हा कुठले? वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रॉइन हे द्रावण घेऊन गाडीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून ती मोकळी केली, असं सांगतात. ‘कचरा आलाय’ हे दुखणं इतकं जुनं आहे!

आपल्या ओळखीची गाडी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाला पेट्रोल नुसतं ओतून चालत नाही. त्याचा बारीक फवारा होऊन तो हवेत मिसळावा लागतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला सुमारे नऊ हजार लिटर, एक छोटं न्हाणीघर भरेल एवढी! हे प्रमाण जुळवणारा स्वयंपाकी म्हणजे कार्बोरेटर.

त्याच्या पोटात पेट्रोलची एक छोटी वाटी असते. तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो, अगदी आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पातळी वाढली की तो वर जातो आणि सुईसारखी झडप येणारं पेट्रोल थांबवते. शेजारून हवेची वाट जाते. ती मध्येच चिंचोळी केलेली असते. चिंचोळ्या जागी हवा वेगानं धावते, तिथला दाब कमी होतो आणि जेट नावाच्या बारीक भोकातून मोजकंच पेट्रोल ओढलं जाऊन त्याचा फवारा होतो. डासांसाठी मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवतोय? तेच तत्त्व.

गंमत म्हणजे आपण अॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा थेट पेट्रोल सोडत नाही, तर हवेच्या वाटेतली झडप उघडतो. हवा जास्त गेली की पेट्रोल आपोआप तिच्यामागून जातं. थंडीत सकाळी पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून त्याचं प्रमाण तेवढ्यापुरतं वाढवायचं. इंजिन तापल्यावर चोक आत सारायला विसरलं, की काळा धूर आणि रिकामी टाकी!

आता जुळवणी. त्याआधी एअर फिल्टर, प्लग आणि पॉइंट ठीक आहेत ना, ते बघायचं. दोष तिथं असेल तर स्क्रू फिरवून काही उपयोग नाही. गाडी मोकळ्या जागी उभी करायची. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन पुरतं तापू द्यायचं, चोक आत.

स्क्रू दोन असतात. एक इंजिनाचा उभ्या जागचा वेग ठरवतो, दुसरा तेव्हाचं मिश्रण. इंजिन बंद असताना मिश्रणाचा स्क्रू अलगद शेवटपर्यंत आत न्यायचा (आवळायचा नाही, टोक बिघडतं) आणि साधारण दीड फेरा बाहेर काढायचा. मग गाडी चालू करून पाव-पाव फेरा फिरवत ऐकायचं. एका बाजूला फार गेलं की इंजिन अडखळतं, दुसऱ्या बाजूला जड घरघरतं. मधे एक जागा येते जिथं आवाज मोकळा आणि एकसारखा होतो. तिथं थांबायचं. मग वेगाचा स्क्रू सैल करत वेग बेताचा करायचा आणि मिश्रण पुन्हा एकदा पारखायचं. कुकरची शिट्टी कधी होणार हे ज्या कानांना आधीच कळतं, त्यांना हे अवघड नाही.

स्टोव्हची एक सवय मात्र इथं बाजूला ठेवायची. जेट तुंबला म्हणून त्याला पिन मारू नका! पितळ मऊ असतं, भोक केसभर जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. जेट पेट्रोलनं धुऊन हवेच्या झोतानं साफ करायचा. गॅरेजमध्ये कुणी तार घालताना दिसला, तर खुशाल टोका.

आज हे कळणं जास्त गरजेचं झालंय. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास आलं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटमधून जाणारं मिश्रण इंधनाला कमी पडतं. नव्या गाड्यांतला संगणक ते सांभाळून घेतो, आपल्या कार्बोरेटरला ते हातानं सांगावं लागतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून ठेवलेलं बरं. नळ्यांवरूनही अधूनमधून नजर फिरवावी.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये खुर्चीवर बसू नका, बॉनेटपाशी उभ्या राहा. म्हणा, ‘प्लग काढून दाखवा.’ टोक फिकट तपकिरी असेल तर प्रमाण बरोबर. काजळी धरली असेल तर बहुधा पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. ज्योत निळी हवी, भांड्याला काजळी नको, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का?