न्यूटाउन : टपालाने दुकान चालवणारं गाव

बर्मिंगहॅमहून निघालेली गाडी श्रूजबरी मागे टाकून वेल्समध्ये शिरते. सेव्हर्न नदीच्या खोऱ्यातून, मेंढ्यांची कुरणं पार करत ती पश्चिमेच्या समुद्राकडे धावत राहते. न्यूटाउनचं स्टेशन आलं की खिडकीसमोर लाल विटांची एक भलीमोठी इमारत उभी राहते. दहा-अकरा हजार वस्तीच्या गावात एवढी उंच, एवढी रुंद, एवढ्या खिडक्यांची इमारत कशासाठी, असा प्रश्न पडतो. गिरणी असेल, कचेरी असेल, असे तर्क करत माणूस खाली उतरतो आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाव वाचतो : रॉयल वेल्श वेअरहाउस. म्हणजे दुकान. तेही असं, की ज्याच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी त्याचा उंबरा कधी ओलांडलाच नाही. त्यांनी छापील यादी वाचून पत्र टाकायचं आणि माल टपालाने घरी यायचा.

गावाचा इतिहास थोडक्यात उरकतो. वेल्श भाषेत याला अ ड्रेनेविद म्हणतात. 1279 साली राजाकडून आठवडी बाजाराची सनद मिळाली आणि मंगळवार हा बाजाराचा वार ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे लोकरीच्या फ्लॅनेल कापडाचा धंदा असा वाढला की लोक गावाला ‘वेल्सचं लीड्स’ म्हणू लागले. पुढे उत्तर इंग्लंडमधल्या वाफेच्या गिरण्यांपुढे इथले हातमाग टिकले नाहीत. 1967 साली सरकारने नव्या नगरविकासासाठी हे गाव निवडलं आणि भोवती वसाहती वाढल्या. जुनं गाव मात्र आजही ब्रॉड स्ट्रीट आणि हाय स्ट्रीट या दोन रस्त्यांतच आहे.

त्या लाल विटांच्या वखारीचा मालक प्राइस जोन्स याचं नशीब याच भागात घडलं. 1834 साली जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी गावातल्या एका कापडवाल्याकडे उमेदवारीला लागला. गज धरायला, कापड फाडायला, गिऱ्हाईक ओळखायला तो तिथेच शिकला. 1859 साली त्याने स्वतःचं दुकान थाटलं. त्याच सुमारास गावात रेल्वे आली आणि 1861 पर्यंत रूळ इंग्लंडच्या जाळ्याला जोडले गेले. पेनी पोस्टमुळे पत्र पाठवणं आधीच स्वस्त झालं होतं. या दोन सोयींचा मेळ घालावा हे गावातल्या बाकीच्या दुकानदारांना सुचलं नाही, प्राइस जोन्सला सुचलं. डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या शेतकऱ्यांना आणि वाड्यावरच्या सरदारघराण्यांना बाजाराला येणं जड जातं, तर दुकानच त्यांच्या घरी का पाठवू नये? 1861 पासून तो मालाची छापील पत्रकं टपालाने पाठवू लागला. सोबत फ्लॅनेलचे छोटे तुकडे नमुन्यासाठी असत. गिऱ्हाइकाने कापड बोटांत चुरगाळून पाहावं, मग पत्र लिहावं. आपल्याकडे ‘व्ही.पी.ने माल मागवणं’ ज्या पिढीला माहीत आहे, तिला हा व्यवहार वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

धंदा किती फोफावला हे सांगायला गिऱ्हाइकांची नावं पुरेत. राणी व्हिक्टोरिया त्यांत होती, फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती, युरोपातली राजघराणी होती. 1880 च्या दशकात गिऱ्हाइकांची संख्या लाखावर गेली. 1883 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये पार्सल टपाल सुरू झालं आणि या दुकानाला तर पंखच फुटले. वखारीत स्वतःचं टपाल कार्यालय होतं. वखार स्टेशनाच्या शेजारी मुद्दाम बांधलेली, आणि रेल्वे कंपनीने पार्सलांसाठी खास डबे दिलेले. 1887 साली राणीने प्राइस जोन्सला ‘सर’ केलं, तेव्हापासून तो सर प्राइस प्राइस-जोन्स झाला. दोनदा तो खासदारही होता.

पण या सगळ्या वैभवापेक्षा मला जास्त भावली ती एका गोधडीची गोष्ट. स्टेशनाबाहेर भेटलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी ती रंगवून सांगितली. 1876 साली प्राइस जोन्सने ‘युक्लिसिया रग’ नावाच्या वस्तूचं पेटंट घेतलं. लोकरीची जाड घोंगडी, तिच्या एका टोकाला शिवलेला कप्पा, कप्प्यात हवा भरून फुगवायची रबरी उशी. माणसाने आत शिरायचं, घोंगडी अंगाभोवती गुंडाळून घ्यायची, उशीवर डोकं टेकवायचं आणि उघड्या माळावर झोपायचं. आज गिर्यारोहक जी स्लीपिंग बॅग पाठीवर बांधतात, तिची ही पूर्वज समजली जाते. रशियन सैन्याने अशा साठ हजार घोंगड्यांची मागणी नोंदवली. तेव्हा रशिया आणि तुर्कस्तान यांचं युद्ध पेटलं होतं आणि प्लेव्हना शहराला वेढा पडला होता. 1877 च्या डिसेंबरात प्लेव्हना पडलं, रशियाने उरलेली मागणी रद्द केली आणि सतरा हजार घोंगड्या न्यूटाउनच्या वखारीत पडून राहिल्या.

दुसरा कोणी व्यापारी या धक्क्याने खचला असता. प्राइस जोन्सने त्या घोंगड्या आपल्या छापील यादीत घातल्या. गोरगरिबांना स्वस्त अंथरूण म्हणून द्यायला त्या धर्मादाय संस्थांनी घेतल्या, ब्रिटिश सैन्यात गेल्या, ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर रात्री काढणाऱ्यांपर्यंत पोचल्या. हे सांगताना त्या गृहस्थांच्या आवाजात घरच्या माणसाचं कौतुक होतं. त्या मूळ घोंगड्यांपैकी एकही आज शिल्लक नाही. 2010 साली बीबीसीच्या एका उपक्रमासाठी पेटंटच्या कागदांवरून तिची प्रतिकृती शिवावी लागली. साठ हजारांची मागणी आलेली वस्तू, आणि तिचा एक तुकडाही कोणी जपला नाही, याची खंत वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं न्यूटाउन पाहायचं तर त्या काळची वर्तमानपत्रं चाळावीत. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 1919 पर्यंतच्या जुन्या अंकांची लाखो पानं सर्वांना मोफत खुली केली आहेत. तेव्हा पहिल्या पानावर बातमी नसायची, जाहिराती असायच्या. कापडवाला, किराणावाला, लोखंडी सामानवाला, जोडे शिवणारा, खोगीर करणारा, औषधवाला, सगळे एकाखाली एक. चहाचा भाव, मेंढ्यांना बुडवून काढायचं औषध, बी-बियाणं, सायकल, शिवणयंत्र, सुतकाचे काळे कपडे. चित्रं क्वचितच, अक्षरं मात्र लहान-मोठी करून नजर खेचणारी. पश्चिमेकडच्या गावांतल्या पत्रांत अशा जाहिराती वेल्श भाषेतही भेटतात. न्यूटाउन इंग्लंडच्या सीमेजवळचं असल्याने इथे इंग्रजीचाच वावर जास्त होता.

या जाहिराती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. गावातला दुकानदार जाहिरातीत फार फुशारकी मारत नाही. नाव, रस्ता, दुकान किती वर्षांचं, माल कुठला आणि भाव काय, एवढंच सांगतो. कारण छापलेलं खोटं निघालं तर मंगळवारी बाजारात तेच गिऱ्हाईक समोर उभं राहणार. प्राइस जोन्सचं खरं कर्तृत्व मला इथे दिसतं. समोरासमोरच्या ओळखीवर चालणारा हा शब्द त्याने अनोळखी माणसांपर्यंत नेला. ज्याचं तोंडही पाहिलं नाही अशा कापडवाल्याला आगाऊ पैसे पाठवायचे, हे धाडस लाखभर लोकांनी केलं ते त्याने शब्द राखला म्हणून.

दुकानांच्या या भरभराटीची दुसरी बाजूही सांगायला हवी. काउंटरमागे उभी असणारी पोरं-पोरी दिवसाचे बारा-बारा तास राबत. अनेक कापडवाल्यांकडे त्यांना मालकाच्याच छताखाली राहावं लागे, जेवण तिथेच, नियमही मालकाचे. 1911 च्या दुकान कायद्याने ब्रिटनभरच्या दुकाननोकरांना आठवड्यात अर्धा दिवस हक्काची सुट्टी मिळाली. अशा उमेदवारीतूनच कित्येक वेल्श तरुण लंडनला जाऊन मोठे झाले. पीटर जोन्स आणि डी. एच. एव्हान्स ही लंडनची नावाजलेली दुकानं वेल्श कापडवाल्यांनीच उभी केली.

ज्यांनी कापड विणलं त्यांचं काय झालं, हे कमर्शियल स्ट्रीटवरच्या छोट्या वस्त्रसंग्रहालयात कळतं. विणकरांच्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्या खाली, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारा मागांचा लांबलचक माळा वर. उजेड यावा म्हणून माळ्याला ओळीने खिडक्या. जिना अरुंद, खोल्यांत दोन माणसं जेमतेम वळतील एवढीच जागा. माळ्यावर जुना लाकडी माग आहे. त्याच्या चौकटीवर हात ठेवला की वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झालेलं लाकूड बोटांना जाणवतं. सगळा कारभार गावातले स्वयंसेवक पाहतात. त्यांतल्या एका बाईंनी मागावर धोटा कसा धावायचा ते हातवारे करून दाखवलं. त्या म्हणाल्या, मुलं येतात तेव्हा आधी आवाजाबद्दल विचारतात : एवढे माग एकदम चालू झाले की कानांचं काय होत असेल? 1912 साली केंब्रियन मिल ही इथली मोठी गिरणी जळाली, ती पुन्हा उभी राहिली नाही. फ्लॅनेल विणणं गावातून गेलं. वखार मात्र चालू होती, कारण ती तोवर फ्लॅनेलखेरीज जोडे, फरचे कोट, तयार कपडे असं सगळंच विकत होती. प्राइस-जोन्सच्या मुलाने 1911 साली कॅनडात कॅलगरीलाही दुकान काढलं. सर प्राइस 1920 साली वारले आणि 1938 साली लिव्हरपूलच्या लुईसेस कंपनीने वखार विकत घेतली.

हाय स्ट्रीटवर आणखी एक ठिकाण आहे. पुस्तकं-वर्तमानपत्रं विकणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथ कंपनीने 1975 साली आपली इथली शाखा मुद्दाम 1927 सालच्या रूपात परत आणली. ओक लाकडाचा दर्शनी भाग, रंगीत फरशा, आरसे, भिंतीवरची प्लास्टरची नक्षी आणि वरच्या मजल्यावर कंपनीच्या इतिहासाचं छोटं दालन. 1905 च्या सुमारास रेल्वे कंपन्यांशी भाड्यावरून बिनसल्यावर स्मिथने स्टेशनांवरचे स्टॉल सोडून गावोगावच्या रस्त्यांवर दुकानं काढली. खांद्यावर टोपली घेतलेल्या पेपरवाल्या पोराची त्यांची प्रसिद्ध पाटीही 1905 चीच, चित्रकार सेप्टिमस स्कॉटची. 2025 साली कंपनीने गावोगावची सगळी दुकानं विकून टाकली. मालकी बदलली की आधी पाटी उतरते आणि मग फरशा निघतात, हे सगळीकडे पाहिलेलं आहे. न्यूटाउनच्या या दर्शनी भागावर ती वेळ येऊ नये.

मराठी माणसाला या गावाशी जोडणारा एक पक्का धागाही आहे. सहकारी चळवळीचा जनक म्हणून ज्याचं नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचलं, तो रॉबर्ट ओवेन इथलाच. 1771 साली ब्रॉड स्ट्रीटवर तो जन्मला. त्याचे वडील खोगीर करायचे, लोखंडी सामान विकायचे आणि गावचं टपालही सांभाळायचे. ओवेन स्वतः स्टॅमफर्डला कापडवाल्याकडे उमेदवारी करत वाढला. 1858 साली तो याच गावात वारला आणि नदीकाठच्या जुन्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याला पुरलं. त्याच्या समाधीभोवतीचं सुंदर लोखंडी कुंपण 1902 साली सहकारी संस्थांनी बसवलं. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापर्यंत जी परंपरा आली, तिचा एक उगम या नदीकाठी आहे. तिथे मी पाहिलं तेव्हा गवत वाढलेलं होतं आणि दिशा दाखवणारी पाटी शोधावी लागली.

ब्रॉड स्ट्रीटवर आज काही दुकानं रिकामी आहेत. एका हार्डवेअरवाल्याने सांगितलं, लोक दुकानात येतात, वस्तू हातात घेऊन बघतात आणि मागवतात मोबाइलवरून. घरबसल्या खरेदीची रीत जगाला ज्यांनी लावली त्यांच्याच गावची दुकानं तिने बंद पाडावीत, हे वाईटच. तरी तो दुकानदार टिकून आहे. कुठला स्क्रू कुठे लागेल हे त्याला तोंडपाठ आहे आणि दिलेली वस्तू बसली नाही तर तो बदलून देतो. जुन्या जाहिरातींमध्ये जे वचन असायचं ते तो अजून पाळतो आहे.

न्यूटाउनमध्ये किल्ले-राजवाडे नाहीत, म्हणून प्रवासी इथे उतरत नाहीत. माझ्या मते दुकानदारीचा इतिहास इतक्या थोड्या पावलांत दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. वखार, विणकरांचा माळा, 1927 चा दर्शनी भाग आणि ओवेनची समाधी, सगळं चालत जाण्याजोगं आहे. अ‍ॅबरिस्टविथचा समुद्र गाठायला निघालेल्या मराठी कुटुंबांनी वाटेत इथे एक गाडी सोडावी. पुढची गाडी साधारण दोन तासांनी येते. जमल्यास मंगळवार धरून जावं. वस्त्रसंग्रहालय उन्हाळ्यातच उघडं असतं, तेव्हा आधी चौकशी करून निघा.