नकाशावरची कोरी जागा आणि पांझरेतला मासा

ज्ञानाच्या साधनांबद्दल, म्हणजे प्रमाणांबद्दल बोलताना आज उदाहरण घेऊ आपल्या नदीतलं.

पिंपळनेरजवळ पांझरेच्या उथळ डोहात आम्हाला एक बोटभर मासा मिळाला. अंगावर दोन काळे ठिपके. आम्ही मोबाईलवर फिशबेस उघडलं. पेथिया टिक्टो या जातीला दोन ठिपके असतात आणि तिच्या नोंदीही दूरवरच्या आहेत. झालं! नाव लिहिलं, मासा पाण्यात सोडला. घरी आल्यावर लक्षात आलं, ज्या खुणांवर नाव ठरतं त्या आम्ही पाहिल्याच नव्हत्या. तोंडाशी मिशा आहेत का? अंगावरची छिद्रांची ओळ, म्हणजे पार्श्वरेषा, शेपटीपर्यंत जाते की मध्येच थांबते? पाठीवरच्या पराचा काटा दातेरी आहे का? नकाशाने होकार दिला म्हणून आम्ही डोळे मिटले. चूक आमचीच.

टिक्टोचं वर्णन हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलं. पेथिया ही वेगळी प्रजाती मानली गेली २०१२ मध्ये. पुढे २०१६ मध्ये भीमेच्या खोऱ्यातून पेथिया संजयमोलुरी ही नवी जात नोंदली गेली. म्हणजे जुन्या यादीतलं नाव आज जसंच्या तसं चालेल, असं धरून चालत नाही. शिवाय भीमेचं पाणी कृष्णेतून पूर्वेला जातं, आपली पांझरा तापीला मिळून पश्चिमेला. माशाला तालुक्याची हद्द कळत नाही. त्याची हद्द म्हणजे पाणलोट.

आता उलट बाजू बघा. नकाशावर आपली नदी कोरी असेल तर मासा इथे नाही, असं म्हणता येईल का? कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो नाही. पण अट आहे. असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. जिथे कुणी जाळं टाकलंच नाही, ती नकाशावरची कोरी जागा म्हणजे अशीच अंधारी खोली. आणि रंगवलेली जागा? आययूसीएनच्या नकाशांत गोड्या पाण्यातल्या माशांसाठी बहुधा अख्खं उपखोरं रंगवतात. तो रंग म्हणजे प्रत्येक ओढ्यातली साक्ष नव्हे.

मग करायचं काय? आधी मासा, मग खुणा, नकाशा शेवटी. काचेच्या भांड्यात पाणी घेऊन बाजूने फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा, नदी, जागा आणि तारीख लिहा. खात्री नसेल तर फक्त ‘पेथिया’ एवढंच लिहा. अर्धं खरं नाव पूर्ण खोट्यापेक्षा बरं. आणि शोधूनही मिळाला नाही, तर किती वेळ, कुठल्या जाळ्याने शोधलं, तेही नोंदवा. ती खरी अनुपलब्धी.

कर्नल साइक्स यांनी १८३९च्या सुमारास दख्खनचे मासे नोंदवले, तेव्हा खुद्री, मुल्या अशी इथल्या लोकांच्या तोंडची नावं शास्त्रात नेली. ती आजही टिकून आहेत. आपण लिहिलेली चुकीची नोंदही तशीच टिकेल. उद्या कुणी आपल्यासारखाच डोहाकाठी उभा राहून तिच्यावर विश्वास ठेवेल. आमची नोंद आम्ही दुरुस्त केली: आता तिथे फक्त ‘पेथिया’ एवढंच आहे.