मेंदी काळी नसते

रमजानचा शेवटचा आठवडा आला की घरातली खरेदी कपडे, बांगड्या, चपला, अत्तर अशी सरकत सरकत मेंदीच्या कोनावर येऊन थांबते. सगळ्या खरेदीत स्वस्त वस्तू हीच. म्हणूनच ती घेताना फारसा विचार होत नाही. दुपट्ट्याचा रंग दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहणाऱ्या आपण भगिनी कोनावर काय लिहिले आहे ते वाचतही नाही. खरे तर दुपट्टा पसंत पडला नाही तर बदलता येतो. हातात मुरलेला रंग बदलता येत नाही.

चांदरातीला मोहम्मद अली रोडपासून मालेगाव-मिरजेपर्यंत बाजारात गर्दी असते. वेळ कमी, मुली घाईत, आणि विकणारा सांगतो, ‘दहा मिनिटांत काळाभोर रंग!’ हे वाक्य ऐकले की तो कोन खाली ठेवावा. कारण मेंदीला दहा मिनिटांत काळे होणे जमतच नाही.

खरी मेंदी रंगते कशी?

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे नारिंगी-तांबडे रंगद्रव्य असते. ओली मेंदी हातावर राहिली की हे द्रव्य त्वचेच्या वरच्या थरातील केराटिनला चिकटते. तळहात आणि तळपायाची कातडी जाड असते, म्हणून तिथे रंग गडद येतो. हाताच्या पाठीवर तीच मेंदी फिकी दिसते. मेंदी काढल्याबरोबर रंग नारिंगी असतो. तो २४ ते ४८ तासांत चढत जाऊन तपकिरी किंवा मरून होतो. पुढे कातडीचा वरचा थर झिजेल तसा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. काळा रंग या पानात मुळातच नाही.

मेंदीचा रंग नखावर थर करून बसत नाही, तो नखात मुरतो. त्यामुळे नेलपॉलिशखाली वजूचे पाणी पोहोचत नाही ही अडचण मेंदीत येत नाही. फक्त सुकलेली मेंदी वजूआधी पूर्ण निघालेली असावी.

काळेपणा येतो कुठून?

झटपट काळ्या होणाऱ्या कोनांत अनेकदा पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमीन, हे रसायन असते. केसांच्या काळ्या डायमध्ये तेच वापरतात. डायमध्ये त्याचे प्रमाण ठरलेले असते आणि ते कातडीवर थापायचे नसते. रस्त्यावरच्या कोनात ते किती घातले आहे याचा हिशेब कुणाकडेच नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेवर लावायच्या प्रसाधनांत पीपीडीला परवानगी दिलेली नाही. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २००६ साली त्याला ‘वर्षातील अॅलर्जन’ म्हणून जाहीर केले होते.

त्रास कधी काही तासांत, कधी आठ-पंधरा दिवसांनी सुरू होतो. आधी खाज आणि लाली, मग नक्षीच्या रेषेरेषेवर पाण्याचे फोड. फोड बसतात, पण डाग कित्येक महिने राहू शकतात. आणि प्रश्न एका ईदपुरता नसतो. शरीराने एकदा हे रसायन ‘ओळखले’ की ती अॅलर्जी बहुधा जन्मभर राहते. आठव्या वर्षी काळी मेंदी लावलेल्या मुलीने पुढे चाळिशीत केसांना डाय लावला, तर चेहरा आणि डोळे सुजून दवाखाना गाठावा लागू शकतो. केसांसाठी मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’च्या पुड्यांतही पुष्कळदा पीपीडी असते, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ती आणताना मागची यादी वाचावी.

हातावर फोड आले तर घरगुती लेप लावत बसू नये. हात साध्या पाण्याने धुऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे आणि उरलेला कोन सोबत न्यावा.

घरचा कोन

घरी कोन करणे पुरणपोळीपेक्षा सोपे आहे. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजत हे मेंदीचे मोठे केंद्र. सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अंगावर काढण्यासाठीची, बारीक चाळलेली, त्याच वर्षीच्या पिकाची पूड मागावी. यादीत मेंदीच्या पानांशिवाय दुसरे काही नको.

साहित्य : मेंदीची पूड १०० ग्रॅम, साखर २ ते ३ मोठे चमचे, निलगिरी किंवा लॅव्हेंडरचे शुद्ध तेल साधारण ३० मिली, आणि लागेल तसे पाणी किंवा लिंबाचा रस, सुमारे ३०० मिली. गरोदर भगिनींसाठी आणि लहान मुलांसाठी निलगिरी टाळून लॅव्हेंडर घ्यावे, तेही बेताने.

पूड जुन्या मलमलीच्या ओढणीतून गाळून घ्यावी, म्हणजे कोनाचे टोक अडत नाही. त्यात साखर, तेल आणि थोडे थोडे पाणी घालून घट्टसर भिजवावे. झाकून ८ ते १२ तास ठेवावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात ५-६ तासही पुरतात. चिमूटभर मेंदी तळहातावर पाच-दहा मिनिटे ठेवून पुसावी. नारिंगी ठसा उमटला की मेंदी तयार. मग उरलेले पाणी घालून ती दह्यासारखी सैल करावी.

कोनासाठी भेटवस्तूंचा जाडसर पारदर्शक कागद कापून, टोकाला टाचणी धरून गुंडाळावा आणि चिकटपट्टी लावावी. आपल्या अम्मी-खाला धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांचे कोन करत, तेही चालतात. एवढ्या मेंदीत २५ ग्रॅमचे पंधराएक कोन होतात. सर्वांत महाग वस्तू तेल, त्यामुळे एक कोन बाजारभावापेक्षा थोडा महागच पडेल. पण त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. ताजी मेंदी बाहेर एक-दोन दिवसच टिकते, फ्रीझरमध्ये काही महिने. दुकानाच्या फळीवर वर्षभर ‘ताजा’ राहणारा कोन म्हणूनच संशयाचा.

मोहल्ल्यात मेंदी काढून चार पैसे मिळवणाऱ्या मुलींनीही हा कोन वापरावा आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे. कोन तयार करून विकायचे असतील, तर सौंदर्यप्रसाधने बनवण्याचा परवाना लागतो, हे लक्षात असू द्यावे.

लावावी कधी?

चांदरातीला लावलेली मेंदी ईदच्या सकाळी नारिंगीच दिसते, आणि नेमक्या याच घाईपायी मुली काळ्या कोनाकडे वळतात. त्यापेक्षा २८व्या रोजाच्या रात्री, तरावीहनंतर लावावी. सहरीला उठल्यावर खरवडून काढावी, खोबरेल तेलाचा हात फिरवावा आणि दुपारपर्यंत साबण टाळावा. मग चंद्र २९ला दिसो की ३०ला, ईदपर्यंत रंग चढलेलाच असतो.

तान्ह्या बाळांना नको

बाळाच्या तळव्यावर मेंदीचा ठिपका काढण्याची हौस पुष्कळ घरांत असते. पण काही मुलांत जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, मुलग्यांत ती जास्त आढळते. अशा बाळांना अस्सल मेंदीनेही रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. तपासणीशिवाय ते कळत नाही. तेव्हा बाळाला नवे झबले घालावे, टोपी घालावी. मेंदी मात्र मोठे झाल्यावर.

थोड्या मोठ्या मुलींना या कामात सामील करून घ्यावे. एकीने पूड गाळावी, दुसरीने कोन गुंडाळावेत, तिसरीने दादीच्या हातावर पहिला गोल काढावा. नक्षी वाकडी आली तरी हरकत नाही, हात सुखरूप असतील.