स्वयंमाउंट (संगणक)

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाह्य हार्ड डिस्क यांसारखे साठवण साधन संगणकाला जोडताच, वापरकर्त्याने वेगळी आज्ञा न देता त्यावरील फाइली उपलब्ध होणे, यास स्वयंमाउंट किंवा ऑटोमाउंट असे म्हणतात. साधन 'लावणे' ही हाताची क्रिया आहे, तर 'माउंट होणे' ही संगणक प्रणालीची. बोलीत हा भेद सहसा पाळला जात नाही.

कार्यपद्धती

लिनक्समध्ये साधन जोडल्याची नोंद यूडेव्ह ही सेवा घेते. त्यानंतर यूडिस्क्स ही सेवा साधनावरील फाइल प्रणाली ओळखून ती एका निर्देशिकेशी जोडते. पूर्वी यासाठी सामान्यतः प्रशासकाचे अधिकार आणि 'माउंट' ही आज्ञा लागत असे. विंडोजमध्ये साधनाला ई, एफ असे अक्षर मिळते.

मराठी वापरकर्त्याला या सोयीचा एक विशेष लाभ झाला. हाताने माउंट करताना योग्य अक्षरसंच नमूद केला नाही, तर 'सातबारा' असे देवनागरी नाव दिलेल्या फाइलीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. स्वयंमाउंट हा पर्याय स्वतःच निवडते.

साधन काढताना मात्र अशी स्वयंचलित सोय नाही. प्रणाली लिहावयाची माहिती काही काळ स्मृतीत राखून ठेवू शकते. त्यामुळे 'सुरक्षितपणे काढा' हा पर्याय न वापरता साधन उपटल्यास फाइल अपुरी राहण्याचा किंवा फाइल प्रणाली बिघडण्याचा संभव असतो.

सुरक्षितता

माउंट करणे आणि साधनावरील प्रोग्राम चालवणे या भिन्न गोष्टी होत. विंडोज 95 मध्ये सीडीसाठी आलेल्या ऑटोरन सुविधेने त्यांतील अंतर पुसट केले. 2008 च्या अखेरीस आढळलेल्या कॉन्फिकर या वर्मच्या काही आवृत्त्या पेनड्राइव्हवरील ऑटोरन फाइलीद्वारे पसरल्या. जळगाव, धुळे यांसारख्या शहरांत अर्ज वा प्रकल्प छापून घेण्यासाठी पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला जातो. तेथील एकाच संगणकाला दिवसभरात अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात, आणि तो बाधित असल्यास त्या प्रत्येकात विषाणू शिरू शकतो. मूळ फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारे विषाणूही याच मार्गाने घरोघरी पोहोचतात. अशा वेळी फाइली बहुधा नष्ट झालेल्या नसतात. पेनड्राइव्ह घाईने फॉरमॅट केल्यास मात्र त्या खरोखरच जातात.

विंडोज 7 मध्ये पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंद करण्यात आले. फेब्रुवारी 2011 मध्ये एक्सपी व व्हिस्टा यांनाही तसा बदल मिळाला. तथापि, 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटला ऑटोरनचीही गरज नव्हती. शॉर्टकटचे चिन्ह पडद्यावर उमटणे त्याला पुरेसे होते.

न्यायवैद्यक तपासणीत स्वयंमाउंट कटाक्षाने टाळले जाते. साधन नुसते माउंट झाल्यानेही त्यावरील काही नोंदी बदलू शकतात. म्हणून लेखन रोखणारे उपकरण मध्ये ठेवूनच पुराव्याची प्रत काढतात.