पोलीस मदत केंद्रातली खिडकी

गडचिरोलीच्या दक्षिणेकडचं कुठलंही पोलीस मदत केंद्र बाहेरून सारखंच दिसतं. काटेरी तार, मातीने भरलेल्या गोण्यांचे मोर्चे, वर पहारा. आत मात्र एका टेबलाशी आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन माणसं बसलेली असतात. कुणाला जातीचा दाखला हवा असतो, कुणाला बँकेत खातं काढायचं असतं, तर कुणाला दुचाकी दुरुस्तीच्या वर्गात नाव घालायचं असतं. गडचिरोली पोलिसांनी करोनाच्या काळात सुरू केलेली ही ‘पोलीस दादालोरा खिडकी’.

हे काम खरं तर तलाठ्याचं, ग्रामसेवकाचं, रोजगार कार्यालयाचं. ते पोलिसांकडे का आलं, हे कळायला चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं. 1982 साली चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नक्षलवादी इथे पोचलेले होते. त्यानंतरच्या संघर्षात पाचशेच्या वर सामान्य नागरिक मारले गेले. त्यातल्या कित्येकांवर पोलिसांचे खबरी असल्याचा नक्षलवाद्यांचा ठपका होता. अशा मुलखात पोलिसांच्या दारात जाणं हाच जिवावरचा खेळ. सरकारी कर्मचारी तालुक्याच्या गावी राहायचे आणि दुर्गम गावांत क्वचित फिरकायचे. शेवटी वर्षभर मुक्कामाला असलेला सरकारी माणूस एकच उरला, तो बंदूकधारी. खिडकी त्याच्याकडे गेली, त्यात नवल नाही. नागरी प्रशासनासाठी मात्र ही फारशी शोभेची गोष्ट नव्हे.

दाखला ही बाहेरच्यांना किरकोळ वाटणारी गोष्ट. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या घरात शाळेत जाणारी पहिलीच पिढी आहे, त्या माडिया आदिवासी कुटुंबाने आजोबांचा कागद आणायचा कुठून? आणि दाखला नाही म्हणजे राखीव जागेवर नोकरी नाही, सवलतीचं कर्ज नाही. म्हणून खिडकीचं खरं काम कौशल्याच्या वर्गाआधीच सुरू होतं.

वर्गही बरेच चालतात: शेळीपालन, कुक्कुटपालन, शिवणकाम, दुचाकी दुरुस्ती, नर्सिंग असिस्टंट, सुरक्षारक्षक. यातले बरेच बँक ऑफ इंडियाच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेमार्फत होतात. पण वर्गानंतर काय, हा प्रश्न राहतो. नर्सिंग शिकलेली मुलगी शहरातल्या दवाखान्यात जाते. घरी पैसे येतात, गावात धंदा उभा राहत नाही. दुचाकी दुरुस्तीचं बरं. मोटारसायकल आता रानातल्या पाड्यावरही आहे आणि तिथल्या वाटा तिला धड राहू देत नाहीत. पण क्लचप्लेट आणायला आलापल्ली-अहेरी गाठावीच लागते. म्हणून 1 जानेवारी 2025 रोजी गर्देवाडा-वांगेतुरीच्या रस्त्यावर पहिल्यांदा एसटी धावली, ती मला प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांइतकीच मोलाची वाटते. वांगेतुरीचं मदत केंद्रही नोव्हेंबर 2023 मध्येच उभं राहिलेलं.

शस्त्र टाकून आलेल्या नक्षलवाद्यांची गोष्ट निराळी. राज्याची आत्मसमर्पण योजना 2005 पासून आहे आणि आजवर सातशेहून अधिक जण या जिल्ह्यात शरण आले. 15 ऑक्टोबर 2025 रोजी ज्येष्ठ माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह आला, तेव्हा देशभर बातमी झाली. पण विशीत जंगलात गेलेल्याला चाळिशीत रेशन कार्डापासून सुरुवात करावी लागते, त्याची बातमी होत नाही. काहींना कोनसरीच्या लोह प्रकल्पात काम मिळालं. त्या प्रकल्पाला सुरजागडच्या पहाडाचं लोहखनिज लागतं. तो पहाड माडियांच्या ठाकुरदेवाचा, आणि खाणींना विरोध करणारी गावं आजही आहेत. एकाच पहाडावर कुणाचा पगार अवलंबून आहे, कुणाची पूजा.

याच जिल्ह्यात रोजगाराची दुसरी वाटही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. तोवर बांबू तोडून बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जायचा, गावाच्या हाती फक्त मजुरी. आता ग्रामसभाच विकणारी झाली. इथे कुणाला काही शिकवावं लागलं नाही. बांबू तोडणं लोकांना येतच होतं, अडलं होतं ते मालकीपाशी. तेंदूचंही तसंच. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखालच्या अनेक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतः करतात. मे महिन्यात काही दिवसांच्या तोडणीत सत्तर पानांचा एकेक पुडा बांधून घर जेवढं कमावतं, तेवढी रोकड उरलेल्या वर्षात क्वचितच दिसते. याच हंगामात नक्षलवादी कंत्राटदारांकडून खंडणी घेत, म्हणजे पानाची किंमत त्यांनाही कळलेली होती.

बांबूपासून वस्तू करायला शिकवणारं केंद्र शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, चिचपल्लीला आहे. एकीकडे बांबूची मालकी, दुसरीकडे हुन्नर, आणि मध्ये जिल्ह्याची सीमा. दादालोराच्या टेबलावर शिवणयंत्राच्या अर्जाशेजारी वनहक्काच्या दाव्याचाही अर्ज भरून मिळाला पाहिजे, असं मला वाटतं. पोलीस दलाला ते जड जाईल, कारण दाव्यांची पडताळणी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे आणि पुढचा निर्णय उपविभागीय व जिल्हा समित्यांकडे असतो.

केंद्र सरकारने नक्षलवाद संपवण्यासाठी 31 मार्च 2026 ही मुदत ठरवली. लढाई संपते तशी पोलिसांची कुमक कमी होते. तेव्हा ही खिडकी तहसील कचेरीकडे सोपवायची, तर तहसीलदाराचा माणूस वांगेतुरीला मुक्कामाला राहील का, हे एटापल्ली या तालुक्याच्या गावातल्या नेमणुकांच्या आदेशांतूनच कळेल.