सशाची भूल आणि श्वासाची वाट

सशाला भूल देणे कुत्र्या-मांजरापेक्षा जोखमीचे ठरते, याचे एक मोठे कारण त्याच्या तोंडात आहे. जबडा फारच थोडा उघडतो, पुढचे दात लांब, जीभ मागच्या बाजूला जाड. स्वरयंत्रावरचे झाकण मृदू टाळूच्या वर बसलेले असते. ससा नाकानेच श्वास घेतो तो त्यामुळे. तोंडातून पाहिले तर श्वासनलिकेचे दार नीट दिसत नाही, आणि नळीचा धक्का लागला तर स्वरयंत्र आकसून घट्ट मिटू शकते.

म्हणून पशुवैद्यक बराच काळ केटामाइन-झायलाझिनच्या इंजेक्शनवर किंवा नाका-तोंडावर धरलेल्या मास्कवर भागवत. मास्कमधून वायू बाहेर गळतो, आणि श्वास थांबलाच तर तो बाहेरून नीट देता येत नाही. पर्याय होता २ ते ३.५ मिलिमीटरच्या नळीचा. सशाला पोटावर ठेवून मान वर ताणायची, नळीच्या टोकाशी कान लावून श्वासाचा आवाज ऐकायचा आणि श्वास आत घेतला जात असतानाच नळी सरकवायची. हे कसब सरावानेच येते. वारंवार प्रयत्न झाले की घसा सुजतो. पुढे श्वासनलिका अरुंद झाल्याच्या नोंदीही आहेत.

वाट बदलली ती माणसांच्या भूलशास्त्रातून. १९८१ मध्ये लंडनमध्ये डॉ. आर्ची ब्रेन यांनी लॅरिंजियल मास्क वापरून पाहिला. १९८८ मध्ये तो बाजारात आला. तो श्वासनलिकेत न शिरता तिच्या दारावर बसतो. तान्ह्या बाळांसाठीचा लहान मास्क सशांवर वापरून २००० नंतरच्या दशकात अभ्यास झाले. तो बसवायला सोपा निघाला, पण घडण माणसाच्या घशाची. दाबाने श्वास दिला की वायू पोटात जाऊन पोट फुगे, आणि दाबली गेलेली जीभ कधी निळी पडे.

याच काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. भुलेशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के होते. आधीच आजारी असलेल्या सशांत हे प्रमाण ७ टक्क्यांवर गेले होते. पुढे ब्रिटनमध्ये खास सशाच्या घशाच्या आकाराचे, हवा न भरता बसणारे व्ही-जेल तयार झाले. २०१३ मध्ये त्याचा दवाखान्यातला अभ्यास छापून आला. नळीपेक्षा ते लवकर बसते आणि इजाही कमी होते. मात्र मान वळवताना ते सरकू शकते, म्हणून बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ सोबत हवाच.

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. तरी मुंबई-आग्रा महामार्गावरच्या सोनगीरसारख्या खानदेशी गावात पशुवैद्यकाचा दिवस गायी-म्हशी, बैल आणि शेळ्यांत जातो. क्वचित येणाऱ्या पाळीव सशासाठी व्ही-जेलचा संच नसला, तरी ऑक्सिजन सिलिंडर आणि नाका-तोंडावर धरायचा लहान मास्क पुष्कळ काम करतात: भुलेआधी काही मिनिटे ऑक्सिजन द्यावा, पल्स ऑक्सिमीटर लावावा. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नाही. उलट त्याने आतडी मंदावतात. पारा चाळिशीपार जाणाऱ्या मे महिन्यात टाळता न येणारी शस्त्रक्रिया भल्या पहाटे उरकावी.

ब्रिटिश पाहणीत सशांचे निम्म्याहून जास्त मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यावर झाले होते, त्यातही पहिल्या तीन तासांत सर्वाधिक. म्हणून साधन काढल्यावरही श्वास, अंगाची ऊब आणि हिरड्यांचा रंग पाहत राहावे लागते, आणि ससा चारा खाऊन लेंड्या टाकू लागल्यावरच त्याला घरी पाठवणे योग्य.